बाटलीआधी पाणी ओळखा: विदर्भातल्या गावांसाठी फिल्टरच्या बाटलीची निवड

फिल्टर बसवलेली पाण्याची बाटली घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, हे तालुक्याच्या दुकानात उभं राहून ठरवू नका. घरी बसून, गावच्या पाण्याचा अहवाल समोर ठेवून ठरवा. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात जी बाटली काही कामाची नाही, तीच गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुराला हगवणीपासून वाचवू शकते. बाटली एकच असते, पाणी वेगळं असतं.

पहिल्यांदाच अशी बाटली घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. रोज एसटीनं कॉलेजला जाणारी पोरं, आशाताई, अंगणवाडीसेविका, फिरतीवरचे लाइनमन, वनमजूर, दिवसभर वावरात राबणारी माणसं, शेगावला पायी निघणारे वारकरी, नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारला जाणारी मंडळी. या सगळ्यांची गरज सारखी नाही, म्हणून एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही.

पायरी १: मुळात ही बाटली लागते का?

घरचं पाणी चांगलं असेल आणि तुम्ही घरूनच भरून नेत असाल, तर फिल्टरची बाटली घेऊ नका. साधी, रुंद तोंडाची, आतून हात घालून घासता येईल अशी स्टीलची बाटली घ्या. ती स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षं टिकते. तिच्यात बदलायला काही नसतं, त्यामुळे बिघडायलाही काही नसतं. घरच्या पाण्यावर शंका असेल तर तो पैसा घरच्या फिल्टरमध्ये घाला. तिथं सगळ्या घराला चांगलं पाणी मिळेल. बाटलीत ते एकाच माणसाला मिळतं.

बाटलीतला फिल्टर वाटेत पाणी भरावं लागणाऱ्यांसाठी आहे. अनोळखी गावची हापशी, वावरातली विहीर, शाळेची टाकी, जंगलातल्या नाल्याचा झिरा, यात्रेतला टँकर. तुम्हाला बाटली अशा ठिकाणी भरावी लागत असेल तर पुढं वाचा.

पायरी २: पाण्यात काय आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पाण्यातले दोष दोन जातींचे असतात. पहिली जात जंतूंची आणि गाळाची: हगवण, कॉलरा, विषमज्वर, कावीळ. दुसरी विरघळलेल्या गोष्टींची: क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह. बहुतेक बाटल्या पहिल्या जातीवर काही ना काही करतात. दुसरीपुढं त्यांचं जवळपास काही चालत नाही, आणि विदर्भाचं मोठं दुखणं नेमकं दुसऱ्या जातीचं आहे.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलाय. तिथलं भूजल जिभेलाच खारट लागतं. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या हापशीत फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी अगदी गोड लागतं आणि लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, पुढं मोठ्यांची हाडं आणि सांधे ताठरतात. पूर्व विदर्भातल्या काही हापशींचं पाणी भरताना स्वच्छ दिसतं आणि गुंडात तासभर राहिलं की पिवळसर तांबूस होतं. ते लोह. त्या पाण्याचा चहा काळपट होतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, ते जड पाणी. नायट्रेट मात्र डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. शेणखताचे उकिरडे, संडासाचे खड्डे आणि युरिया यांच्याजवळच्या उथळ विहिरीत ते सापडतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यातून गंभीर धोका असतो.

मग हे कळायचं कसं? ग्रामपंचायतीत जा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा जलसुरक्षकाकडे पाणी तपासणीचा अहवाल मागा. सार्वजनिक स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, होणं अपेक्षित आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात ते किट कोणाकडे आहे, विचारा. त्यात फ्लोराइड, नायट्रेट, लोह, कठीणपणा (म्हणजे पाण्याचा जडपणा), क्लोराइड अशा चाचण्या घरच्या घरी होतात. जंतूंसाठी वेगळी छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. खासगी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतं. नमुना कसा आणि कशात भरायचा ते आधी तिथंच विचारून घ्या. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, घरची धुतलेली चालत नाही.

अहवाल हातात आला की त्यातले आकडे भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) च्या मर्यादांशी ताडून पाहा. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १ पर्यंत असावं, फार तर १.५. नायट्रेट ४५ च्या वर गेलं की पाणी नको, त्यात सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू सापडताच कामा नये.

फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार मर्यादेबाहेर असतील तर बाटलीचा विषय तुमच्यापुरता इथंच थांबवा. त्या हापशीचं पाणी पिणं बंद करा आणि गावच्या आरओ प्लँटचं, दुसऱ्या स्रोताचं किंवा नळयोजनेचं पाणी साध्या स्टीलच्या बाटलीत न्या. उकळूनही फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं.

पायरी ३: कोणता फिल्टर काय अडवतो

चहात साखर विरघळली की चहा गाळून साखर वेगळी करता येत नाही. गाळणीत पत्तीच राहते. बाटलीतल्या फिल्टरचं आणि विरघळलेल्या क्षारांचं नातं असंच आहे. एवढं लक्षात ठेवलंत तर दुकानदाराची निम्मी बडबड आपोआप गळून पडेल.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो कार्बनचा फिल्टर. नारळाच्या करवंटीचा किंवा कोळशाचा खास तापवलेला भुगा असतो, त्याच्या असंख्य बारीक छिद्रांच्या पृष्ठभागाला क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय रसायनं चिकटून बसतात. नळाच्या पाण्याला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) उग्र वास येत असेल तर कार्बननं पाणी पिण्यासारखं लागतं. जंतू मात्र त्यातून आरपार जातात. उलट ओला कार्बन दिवसेंदिवस तसाच राहिला तर त्यात जंतूंची वस्ती वाढते. म्हणून निव्वळ कार्बनची बाटली फक्त शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यासाठी घ्या. झिऱ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यासाठी ती घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

दुसरा प्रकार पोकळ धाग्यांच्या पडद्याचा. शेवयांसारखे बारीक, आतून पोकळ धागे एकत्र बांधलेले असतात आणि पाणी त्यांच्या भिंतीतल्या छिद्रांतून आत येतं. छिद्राचं माप मायक्रॉनमध्ये सांगतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. चांगल्या बाटल्यांत हे माप ०.१ किंवा ०.२ असतं. ई. कोलायची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन आणि लांबी एक-दोन मायक्रॉन, हगवण लावणाऱ्या जिआर्डिया या परजीवीचे कोष आठ-बारा मायक्रॉनचे. म्हणजे हे दोन्ही बाहेर अडतात. कॉलरा आणि विषमज्वराचे जंतूही अडतात. जंगलात, यात्रेत, अनोळखी विहिरीवर मी हाच प्रकार सांगेन.

पण त्याची हद्द ओळखा. कावीळ पसरवणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. ०.१ किंवा ०.२ च्या छिद्रातून ते सहज निघून जातात. गावात काविळीची साथ असेल तर नुसत्या पडद्यावर भरवसा ठेवू नका. पाणी खळखळ उकळून घ्या, किंवा क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा आणि मग बाटलीत भरा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मेडिक्लोर हे क्लोरीनचं औषध मिळतं. किती थेंब घालायचे ते औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढेच घाला. बाटलीत पडद्यासोबत कार्बनही असेल तर क्लोरीनचा वासही निघून जातो. ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

तिसरा प्रकार झाकणात अतिनील (यूव्ही) दिवा असलेला. बटण दाबलं की एक-दोन मिनिटं दिवा लागतो आणि जंतू, विषाणू दोन्ही निकामी होतात. पण पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात आणि प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय चार्जिंग लागतं. लोडशेडिंगच्या गावात किंवा चार दिवसांच्या पायी वारीत दिवा विझला की हातात साधी बाटली उरते. पावसाळ्यात गढूळ पाणी येणाऱ्या गावांत हा प्रकार मी तरी घेणार नाही.

विषाणूसुद्धा काढणाऱ्या, दाबून पाणी गाळायच्या काही परदेशी बाटल्या आहेत. त्या काम करतात, पण महाग आहेत आणि त्यांची फिल्टरची कांडी, म्हणजे बदलायचा भाग, मागवावी लागते. राळेच्या (रेझिनच्या) दाण्यांचे काही फिल्टर टीडीएससुद्धा उतरवतात, पण दीड-दोन हजार टीडीएसच्या पाण्यात ते थोड्याच लिटरांत संपतात. खारपाणपट्ट्यात हा खर्च कोणालाच परवडणार नाही. आणि ‘अल्कलाइन’, ‘हायड्रोजन’, ‘मिनरल बॉल’ लिहिलेल्या बाटल्या जंतू काढण्यासाठी नसतात. सोडून द्या.

पायरी ४: खोक्यावरचं लिखाण वाचा

‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ हे वाक्य भारदस्त वाटतं. हिशेब करून पाहा. दहा लाख जंतू असतील तर ९९.९ टक्क्यांनंतर हजार उरतात. ९९.९९९९ टक्क्यांनंतर एक उरतो. सूक्ष्मजीव गाळणाऱ्या फिल्टरसाठी अमेरिकेतल्या एनएसएफ संस्थेचा पी२३१ हा निकष आहे: जिवाणू ९९.९९९९, विषाणू ९९.९९ आणि कोष ९९.९ टक्के. त्याच संस्थेचा ४२ नंबरचा निकष फक्त चव, वास आणि क्लोरीनपुरता आहे. खोक्यावर नुसतं ‘एनएसएफ’ लिहिलं असेल तर कोणता नंबर ते विचारा. ४२ म्हणजे जंतूंबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

छिद्राचं माप मायक्रॉनमध्ये दिलेलं आहे का, फिल्टर किती लिटर चालतो, कोणी तपासलं, या तीन गोष्टी छापलेल्या नसतील तर बाटली खाली ठेवा. बाटली स्टीलची असेल तर आयएसआय चिन्ह पाहा. त्याच्याखाली सीएम/एल नंतर लायसन्सचा नंबर असतो. मोबाइलमधल्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की खरा की खोटा ते कळतं. एक लक्षात घ्या, ते चिन्ह बाटलीच्या भांड्याचं असतं. आतला फिल्टर त्यात तपासलेला नसतो.

पायरी ५: तुम्ही पाणी पिता कसं?

याबद्दल कोणी बोलत नाही, पण आपल्याकडे इथंच बाटली पडून राहते. वावरात आपण वरून धार धरून पितो आणि एकाच कॅनमधलं पाणी सगळे पितात. नळी तोंडात धरून ओढायची बाटली उष्टी होते. ती शेजारच्या बाईला देता येत नाही आणि तिनं मागितली तर नाही म्हणवत नाही. चार जणांत राहून काम करणाऱ्यानं ओढायची बाटली घेतली की आठवड्यात ती खुंटीला लागते.

म्हणून दाबली की वरून धार येते अशी मऊ बाटली किंवा दट्ट्यानं दाबून गाळायची बाटली घ्या. दाबायची बाटली प्लास्टिकचीच असणार, स्टील दाबलं जात नाही, हे धरून चाला. निंदणाला किंवा रोवणीला जाणारी दहा-बारा माणसांची टोळी असेल तर बाटली हा उपायच नाही. घरी गाळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलं पाणी मोठ्या कॅनमध्ये न्या आणि कॅनभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना ओढायची बाटली देण्याआधी दुकानात नमुना असेल तर नुसती ओढून पाहायला सांगा. पडद्यातून पाणी ओढायला दम लागतो. दम्याच्या माणसाला तर ती मुळीच नको.

पायरी ६: भांडं आणि आकार

स्टील असेल तर ३०४ दर्जाचं. प्लास्टिक असेल तर तळाच्या त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते चालतं. १ नंबरचं प्लास्टिक म्हणजे विकतच्या पाण्याच्या पातळ बाटलीचं, ते पुन्हा पुन्हा वापरायला नाही. तोंड हात जाईल एवढं रुंद हवं. साडेसहाशे-सातशे मिलिलिटरची बाटली एसटीनं जाणाऱ्या पोरांना पुरते. मे महिन्यात वावरात राहणाऱ्यांना ती दिवसभर पुरणार नाही. बाटलीसोबत भरायची जागाही जवळ आहे का ते पाहा.

पायरी ७: आधी कांडीची किंमत विचारा, मग बाटलीची

नवी बाटली घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘हिची कांडी तुमच्याकडे ठेवता का?’ मागवून देतो म्हणाला तर किती दिवसांत आणि कितीला, ते विचारा. तालुक्यात किंवा निदान जिल्ह्याच्या गावी कांडी मिळत नसेल तर बाटली घेऊ नका. ऑनलाइन मागवायची असेल तर तुमच्या पिनकोडला पोचते का ते आधी पाहा आणि बाटलीसोबतच एक कांडी जास्तीची मागवा.

हिशेब असा करा. समजा कार्बनची कांडी ६०० रुपयांची आहे आणि १५० लिटर चालते. लिटरला चार रुपये पडले. रोज तीन लिटर पिणाऱ्याला ती पन्नास दिवस पुरेल. म्हणजे वर्षाला सात-साडेसात कांड्या, चार-साडेचार हजार रुपये. विकतच्या २० रुपयांच्या बाटलीपेक्षा हे कमीच आहे, पण मजुरीवर घर चालवणाऱ्यासाठी थोडं नाही. पोकळ धाग्यांच्या पडद्याची बाटली घेताना महाग पडते, पण नीट धुतली तर पडदा हजार लिटरच्या पुढं जातो. काहींवर चार हजार लिटर लिहिलेलं असतं. ते नितळ पाण्याचं माप आहे. आपल्या गढूळ, जड पाण्यात त्याहून कमी धरा.

पक्कं बिल घ्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

दुकानात दाखवतात त्या करामती

रंगीत पाणी किंवा शाई फिल्टरमधून टाकून पांढरं पाणी काढून दाखवतात. कार्बन रंग खातो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. जंतू गेले की नाही, ते त्यात दिसत नाही.

दुसरी करामत विजेच्या तारांची. दोन ग्लासांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात आणि तुमच्या हापशीचं पाणी लाल-हिरवं होतं. तो रंग त्या लोखंडी कांडीचाच असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून ती झिजत नाही. तुमच्या पाण्यात ती घाण नव्हती.

टीडीएस मीटर ही खरी वस्तू आहे आणि दोन-चारशे रुपयांत मिळते. खारपाणपट्ट्यात घरी असावी. पण ती फक्त क्षार किती ते सांगते. जंतू, फ्लोराइड यांबद्दल ती गप्प असते. बाटलीनं गाळल्यावरही आकडा तोच राहिला तर बाटली खराब निघाली असं समजू नका; तो आकडा उतरवणं तिचं कामच नव्हतं.

पायरी ८: पहिल्या दिवशी

पुस्तिका वाचा. कार्बन असेल तर पहिल्या दोन-तीन बाटल्या पाणी काळपट येईल, ते झाडाला घाला. पडदा आधी चांगला भिजू द्या, मग धार सुटते. बाटलीवर पक्क्या शाईनं तारीख लिहा, म्हणजे कांडी कधी बसवली ते कळेल.

आता बाटलीच्या दोन बाजू मनाशी पक्क्या करा: कच्च्या पाण्याची आणि गाळलेल्या पाण्याची. नाल्यात बाटली बुडवून भरली आणि तेच थेंब झाकणावर, नळीच्या तोंडाला राहिले, तर फिल्टर असून नसल्यासारखा. झाकण वेगळं, कोरड्या हातात धरा. बाटली गडव्यानं भरा आणि आटे पुसून मग झाकण लावा. शक्य असेल तिथं पाणी स्वच्छ धोतराच्या दुहेरी-चौहेरी घडीतून गाळून भरा. फिल्टर कितीतरी जास्त चालेल.

फवारणीच्या दिवसांत

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की बाटलीचे नियम बदलतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण कोणी विसरू नये. ज्या टाकीपाशी, ज्या नालीपाशी औषध कालवतात तिथलं पाणी कोणत्याही बाटलीनं पिण्याजोगं होत नाही. कार्बन काही कीटकनाशकं काही प्रमाणात धरतो, पण किती धरली आणि किती सुटली हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. फवारणीच्या दिवशी पाणी घरूनच भरून न्या. बाटली वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धुऱ्यावर, पिशवीत बंद ठेवा. पिण्याआधी हात आणि तोंड साबणानं धुवा. ओढायची नळी उघडी असलेली बाटली त्या दिवशी नेऊच नका. औषधाच्या रिकाम्या डब्यात पिण्याचं पाणी कधीच भरू नका, किती वेळा धुतला तरी.

उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की घरोघरी बाटल्या फ्रीजरमध्ये जातात. फिल्टरची बाटली तिथं ठेवू नका. ओल्या धाग्यांतलं पाणी गोठतं, फुगतं आणि भिंतींना बारीक तडे जातात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी पूर्वीपेक्षा सहज येतं, आणि त्यासोबत जंतूही येतात. एकदा गोठलेला पडदा टाकून द्यायचा. गार पाणी हवं तर माठातलं भरा. तसंच ट्रॅक्टरच्या सीटवर, गाडीच्या काचेपाशी बाटली उन्हात ठेवू नका आणि तिच्यात उकळतं पाणी ओतू नका.

रात्रभर बाटलीत राहिलेलं पाणी सकाळी फेकून द्या. आपल्याकडच्या उकाड्यात कार्बनमध्ये जंतू फार वेगानं वाढतात.

पावसाळ्यात गढूळ पाणी सरळ बाटलीत भरलं तर पडदा चार-आठ दिवसांत तुंबतो. आधी तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी कापडातून गाळून घ्या. धार मंदावली तर पडदा उलटा धुवा: स्वच्छ पाणी तोंडाकडून आत ढकलायचं म्हणजे अडकलेली माती बाहेर पडते. कंपनीनं पिचकारी दिली असेल तर ती यासाठीच आहे. ओढायच्या बाटलीत पाणी पिऊन झाल्यावर नळीतून उलट फुंकर मारली तरी बराच गाळ निघतो. जड पाण्याच्या गावात धुऊनही धार येत नसेल तर क्षार बसलेत. पुस्तिकेत परवानगी असेल तर पडदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पुन्हा धुवा.

पडदा शाबूत आहे का?

पोकळ धाग्यांचा पडदा पूर्ण ओला असताना त्यातून हवा जात नाही. पडदा भिजवा, बाटली रिकामी करा आणि नळीतून हवा ओढून पाहा. हवा अडली तर पडदा ठीक आहे. हवा सरळ आली तर धागा तुटलाय. बाटली दगडावर पडली, उंचावरून निसटली, चुकून फ्रीजरमध्ये गेली, की ही तपासणी करा. निव्वळ कार्बनच्या कांडीला ही तपासणी लागू पडत नाही; तिची लिटरची मर्यादा संपली की ती बदलायची, पाणी चांगलं लागत असलं तरी.

बाटली बरेच दिवस लागणार नसेल तर

तेंदूचा हंगाम संपला किंवा वारी झाली की बाटली तशीच ओली पिशवीत कोंबू नका. पडदा स्वच्छ पाण्यानं उलटा धुवा, झटकून पाणी काढा आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या. दोन-तीन दिवस लागतात. कार्बनची कांडी महिनाभर पडून राहिली असेल तर पुन्हा वापरू नका, नवी घाला. सुकलेला पडदा पुढच्या हंगामात काढला की आधी तासभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, वरची हवेची तपासणी करा आणि पहिली बाटली फेकून मगच पाणी प्या.